पंचमाच्या दारात

मेन्यूशला गावात कुणी नावाने हाक मारत नसे. तो 'देझोचा भाऊ'. देझो पुढे उभा राहून व्हायोलिन वाजवायचा, मेन्यूश मागे व्हायोलावर, म्हणजे जरा मोठ्या, खर्जाच्या व्हायोलिनवर, सुरांची भर घालायचा, आणि त्याच्याही मागे मी, माझा बोजड बास घेऊन.

आमच्याकडे प्रत्येकाचं एक गाणं असतं. खानावळीत ते त्याच्या कानाशी वाजवायचं आणि शेवटी कबरीशी. या दोघांच्या आईचं, बोरिश मावशीचं गाणं हंगेरियन मायनर या स्वरसप्तकातलं. गंधार कोमल, पण मध्यम वर उचललेला. धैवत कोमल, पण निषाद शुद्ध. दोन ठिकाणी लांब उडी. पहिली मारून मध्यमावर पोचलं की पंचम अगदी पुढ्यात असतो. देझो तिथे मुद्दाम थांबायचा, दारात घुटमळणाऱ्या पोरासारखा. पीठ मळणाऱ्या मावशीचा हात थबकायचा. "मेल्या, ये की आत," ती म्हणायची. मग तो पंचमावर यायचा.

छप्पन सालचा उठाव चिरडला गेला तेव्हा देझो हंगेरीची सीमा ओलांडून व्हिएन्नाला गेला. नवा व्हायोलिनवाला वाईट नव्हता, पण त्या मध्यमावर थांबायचा नाही. मेन्यूश थांबायचा. त्याची साथ मागे रेंगाळायची आणि तो शिव्या खायचा.

"ताल सोडतोस लेका," मीसुद्धा सुनावलं.

"ताल नाही रे, दादाला जागा सोडतोय."

वेडा कुठला. पण त्याने दादाची फार वाट पाहिली, हे खरं.

मावशी गेली तेव्हा देझो आला. भारी कोट, सुटलेलं पोट. कबरीशी त्याने व्हायोलिन हनुवटीखाली धरलं, तेव्हा मेन्यूशने गज तारांवर टेकवला. इतक्या वर्षांची जागा आज भरणार होती. गंधार झाला, मध्यम आला, आणि देझो सरळ पंचमावर निघून गेला. हॉटेलात जेवणाऱ्यांपुढे वाजवून वाजवून थांबायचं विसरला होता. मेन्यूश मागे मध्यमावरच राहिला. दोघांचे सूर एकमेकांवर घासले. देझोने वळून पाहिलं.

"काय रे, अजून चुकतोस?"

"नाही दादा. आईने अजून 'ये' कुठे म्हटलंय?"

देझोने व्हायोलिन खाली घेतलं. त्याला पुढे वाजवता येईना. मेन्यूशने एकट्यानेच तो मध्यम धरून ठेवला. आत बोलवायला आता कुणी नव्हतं.