मोडेम आणि कुंडलचा फोन

मुंबईच्या हेड ऑफिसमधून आलेला इंजिनिअर मला पहिल्याच दिवशी आवडला नाही. सत्तरचं दशक संपत आलं होतं. माधवनगरच्या एका कापडगिरणीत मी टेलिफोनच्या बोर्डावर बसत होते. त्यानं माझा पाण्याचा तांब्या न विचारता खाली ठेवला आणि तिथं एक राखाडी पेटी मांडली.

"हे काय?" मी विचारलं.

उत्तर त्यानं मॅनेजरकडं बघून दिलं. पेटीचं नाव मोडेम. उत्पादनाचे आकडे ती उंच आणि खालच्या सुरांत बदलणार, सूर साध्या फोनच्या तारेतून मुंबईला जाणार आणि तिथली पेटी त्यांचे पुन्हा आकडे करून कॉम्प्युटरला देणार. वेग वाढवला की काम झटपट होतं, पण मग तारेत जरा खरखर झाली तरी आकडे चुकतात.

चुकले की दोष माझ्यावर. "ही बाई चोरून ऐकते, म्हणून खरखर होते," असं तो चारचौघांत म्हणायचा. ती किरकिर ऐकायची हौस कुणाला होती?

गिरणीला बाहेरगावची लाइन एकच. एका दुपारी आकडे जात असताना एक्स्चेंजची ऑपरेटर मध्येच बोलली, "कुंडलहून अर्जंट कॉल आहे, लाइन सोडा." झालं, सगळे आकडे बिघडले. इंजिनिअरनं तिला झापलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. ती पुन्हा मध्ये आली. कॉल आमच्या मागखात्यातल्या फिटरसाठी होता. त्याची बायको बाळंतपणात अडली होती.

"थांबायला सांगा," इंजिनिअर म्हणाला.

"अहो, बाई अडलीय," मी म्हणाले.

"मग डॉक्टरला फोन करावा. इथं कशाला?"

मी पेटीची कॉर्ड उपटली आणि ऑपरेटरला कुंडल जोडायला सांगितलं. पलीकडं फिटरचा मेहुणा होता. "आवं बाई, दाजींना लगीच सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात धाडा. आमी तिला जीपमधनं आणतोय. रगात लागंल म्हंत्यात."

मी बोर्ड सोडून मागखात्यात धावले. फिटर सायकलवरून गेला आणि त्यानं रक्त दिलं. बायको वाचली. मूल हाती लागलं नाही.

पुढच्याच आठवड्यात मला सुताच्या गोदामात पाठवलं. मॅनेजर म्हणाले, "तुमचं चुकलं नाही हो. पण वरच्यांचं ऐकावं लागतं."

"मग हे त्यांच्यासमोर बोला," मी म्हणाले.

बोर्डावरच्या नव्या मुलीला ताकीद मिळाली होती, पेटी चालू असताना कुणाचाही कॉल जोडायचा नाही. इंजिनिअर मुंबईला परत निघाला तेव्हा त्यानं सगळ्यांना पेढे वाटले. माझ्यापुढं पुडा आला, तेव्हा मी हात मागं घेतला.