‘नोंद नाही’

“साहेब, पुन्यांदा बघा की. हिरवं लुगडं हाय तिचं.”

तेर गावचे रामलिंगकाका तिसऱ्यांदा माझ्या टेबलाशी आले होते. मी पुन्हा त्यांच्या बायकोचं नाव टाकलं. सोनाबाई, तेर. स्क्रीनवर पुन्हा तेच: नोंद नाही.

नवरात्रातलं तुळजापूर. उन्हात कुंकवाची धूळ तरंगत होती, संबळ कुठं वाजतोय ते कळत नव्हतं. ती दुपार मला अजून काचेपलीकडची वाटते.

चुकामूक झालेल्यांसाठी एका मंडळानं दोन कक्ष उघडले होते. बसस्टँडवर मंगलताई सापडलेल्यांची नोंद करायच्या. देवळाच्या वाटेवर मी त्या नोंदींत नावं शोधायचो. प्रोग्राम माझाच.

नोंदी जिथं साठतात तो डेटाबेस. प्रोग्राम त्याच्याशी थेट बोलत नाही, मध्ये अ‍ॅबस्ट्रॅक्शन लेअर असतो. इथं भाविक आपल्या पुजाऱ्याकडं उतरतो, आतल्या वाटा पुजारी बघतो, तसंच. आपण पत्ता आणि पासवर्ड द्यायचा, लेअर कनेक्शन उघडतो. उघडलं नाही तर एरर देतो, लाल इंग्रजी अक्षरांत. डेमोच्या वेळी मंडळाचे अण्णा म्हणाले होते, “भाविकांपुढं ही लाल रांगोळी नको बरं का.”

मी एरर गिळून टाकायची सोय केली. कनेक्शन नाही उघडलं, तर रिकामी यादी. रिकामी यादी म्हणजे ‘नोंद नाही’. डेमो देखणा झाला.

त्या सकाळी मी पासवर्ड बदलला. दोन्ही कॉम्प्युटरवर प्रोग्रामची वेगळी प्रत होती. बसस्टँडवर नवा पासवर्ड टाकला, माझ्याकडं टाकायचा राहिला. दिवसभर माझ्या टेबलावर एकही माणूस सापडला नाही. मला त्याचं नवलही वाटलं नाही.

चारच्या सुमाराला काका एकटेच गावाकडं निघाले. बसस्टँडवर मंगलताईंच्या बाकावर सोनाबाई बसलेल्या. अकरापासून.

“आलाव व्हय? म्या म्हनलं, गेलाव मला टाकून.”

काका तिथंच बाकावर टेकले.

अण्णांनी आम्हा दोघांना बोलावलं. “मंगल, नोंद केली नव्हतीस?”

“केली की अण्णा. अकरालाच.”

“मग तिकडं दिसली कशी नाही?”

तोवर मी लॉग, म्हणजे प्रोग्राम स्वतःच लिहून ठेवतो तो हिशेब, पाहिला होता. मला सगळं कळलं होतं.

“कधीकधी सेव्ह करायचं राहतं,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मंगलताईंच्या खुर्चीवर दुसरंच कुणी होतं.

काही वर्षांनी, यंदा, त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. त्या शेंगा निवडत होत्या.

“मला तवाच ठाऊक होतं, सर,” त्या म्हणाल्या. “माझं सोडा. ते म्हातारं उपाशी हिंडलं दिवसभर. त्यांना सांगितलं का?”

नव्हतं सांगितलं. परवा तेरला गेलो. काका आता राहिले नाहीत. सोनाबाईंनी ऐकून घेतलं आणि चहा केला.

हल्ली कनेक्शन उघडलं नाही, की माझ्या स्क्रीनवर ‘मला कळलेलं नाही’ असं येतं. लाल अक्षरांत.