कानातलं बारसं

आमच्या साडूंइतका आवाजाचा धसका घेतलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात शोधून सापडणार नाही. लातूरच्या एका डाळ मिलमध्ये उभा जन्म खडखडाटात काढला, तेव्हा शेजारी सुतळी बॉम्ब फुटला तरी हे मान वळवत नसत. निवृत्त झाले आणि कानांनी जुना सगळा राग काढला. बाहेरचा प्रत्येक आवाज टोचू लागला आणि आत काहीतरी अखंड वाजू लागलं. घरातली स्टीलची ताटं माळ्यावर गेली, मेव्हणीच्या बांगड्या कोपराकडे सरकल्या, कुकर शिट्ट्यांपुरता शेजारणीकडे जाऊ लागला. पापड वरणात भिजवून खाणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. बरं, शांतता तरी सोसावी? तीही नाही! सगळं गप्प झालं की आतला आवाज चढतो, म्हणून ऐन थंडीत पंखा लावून घोंगडं पांघरून बसणार.

"पाव्हणं," ते मला म्हणत, "बारशाला आत्या लेकराच्या कानात कुर्र करती ना, तसं कुणीतरी माझं बारसंच करायलंय. कुर्र लई होतंय, पर नाव कुणी सांगंना."

आमच्या नांदेडला एक डॉक्टर या दुखण्यावर संशोधन करतात असं कळलं, तेव्हा ते पिशवी घेऊन माझ्याकडे मुक्कामालाच आले. तिथे कानाला यंत्र लावून त्यांना तऱ्हेतऱ्हेचे आवाज ऐकवले आणि विचारलं, तुमचा यातला कोणता? साडूंनी एकेक स्थळ नाकारावं तसे सगळे नाकारले आणि शेवटी डॉक्टरांच्याच कानात कुर्र करून दाखवलं. डॉक्टर म्हणाले, कान कमी ऐकू लागला की मेंदू आपला आवाज वाढवतो. हमखास औषध नाही, हळूहळू सवय करायची. "आन् हे मेंदूला सांगायचं कुणी?" साडू बाहेर येऊन माझ्यावरच खेकसले. पण सवयीचं त्यांनी मनावर घेतलं, कारण लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. "लेकरू रडलं आन् आज्जा पळाला, असला आज्जा काय कामाचा?"

मग मोबाइलवर कुणाकुणाच्या बाळांचं रडणं लावून सराव सुरू झाला. आज बारीक, उद्या जरा मोठं. डोळ्यांतून पाणी यायचं, पण ते बंद करत नसत. लेक अजून जड पावलांनी घरात फिरत होती, तोवर शेजारच्या आजी डिंकाचे लाडू घेऊन बाळ बघायला हजर! नातवंडाचं नावही साडूंनी मनाशी ठरवलं होतं. बारशाआधी सांगू नये म्हणून सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी दवाखान्यात आम्ही दाराबाहेर उभे होतो. साडूंनी दोन्ही कानांतले कापसाचे बोळे काढून खिशात टाकले. आतून नर्सच्या हाका आल्या, भांड्यांचे आवाज आले, रडणं आलं नाही. "रड की लेकरा, रड," ते दाराशी पुटपुटत होते. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि त्यांनी सांगितलं, बाळंतीण बरी आहे; मुलगी होती, गेली. साडूंनी माझा दंड घट्ट धरला. "पाव्हणं, ह्या कुर्रपायी मला आलं नसंल. तुम्हाला आलं का ऐकू?"

आता कुकर त्यांच्या घरातच लागतो. शिट्टी झाली की ते डोळे मिटतात, पण उठून जात नाहीत. परवा गेलो तेव्हा कानांची चौकशी केली.

"हाय तसंच हाय," ते म्हणाले. "पर आता कुर्र झालं का मागून नाव येतंय."

कोणतं, ते मी विचारलं नाही. जेवायला बसलो तेव्हा माझा पापडही मी वरणात भिजवला.