जागा भेटली

माणूस तोंडानं काय बोलतो यापेक्षा मी त्याचे हातपाय बघतो, आणि सहसा चुकत नाही. अंबडहून जालन्याला येताना एसटीत दिवस भरत आलेली एक पोरगी माझ्या सीटला टेकून उभी होती. एक हात कमरेवर ठेवून ती फोनवर आईला सांगत होती, “हो माय, जागा भेटली. आरामात बसलेली हाय.”

मी उठलो. “न्हाई काका, बसा तुम्ही,” म्हणता म्हणता ती बसलीसुद्धा.

थोड्या वेळानं माझ्या बायकोचा फोन आला. “हो, बसलोय निवांत,” मी सांगितलं.

पोरीनं माझ्या पायांकडे पाहिलं. दुखरा गुडघा वाचवत मी एकाच पायावर उभा होतो. शेजारणीला सरकवून तिनं जागा केली.

“बसा काका. काकूंना सांगितलं ते तरी खरं होऊ द्या.”