साहेबांच्या कपाटातल्या गुणपत्रिका

दीपमाला उमरेडची. पोलीस भरतीत तिचं मैदान चांगलं गेलं होतं, लेखी परीक्षेत मात्र तीन गुणांनी राहिली. पुढची भरती निघेपर्यंत घरी किती दिवस बसायचं, म्हणून ती नागपुरात घरकर्ज देणाऱ्या एका खाजगी कंपनीत लागली. रुजू होताना दोन वर्षांचा बाँड लिहून दिला, आणि दहावीपासून पदवीपर्यंतच्या मूळ गुणपत्रिका शाखेच्या कपाटात गेल्या. "फॉर्मॅलिटी आहे," व्यवस्थापक कृष्णकांत सर म्हणाले. तिनं पावतीसुद्धा मागितली नाही.

गिऱ्हाईक शोधायचं, कागद गोळा करायचे, जागा बघून अहवाल लिहायचा, असं काम. मोबाइलचं लोकेशन सतत चालू, ते सरांना दिसायचं. पहिल्याच आठवड्यात ती पहाटे मैदानावर धावायला गेली, तर सरांचा मेसेज आला: 'तिकडे कोणता कस्टमर?' गंमत असेलही. पण त्यानंतर तिचे पाय मैदानाकडे वळले नाहीत. भाड्याच्या खोलीत पलंग आणि कूलरच्या मधल्या जागेत ती वीस बैठका, दहा जोर आणि दहा मिनिटं जागच्या जागी धावणं, एवढंच करू लागली. सोबत काम करणारा रजत जिमचे वर्षाचे पैसे भरून आठच दिवस गेला होता. तो हसायचा, "बस, एवढंच?"

"एवढंच रोज होते गा," ती म्हणायची.

सातव्या महिन्यात प्रेमिलाबाईंची फाइल आली. बाई खानावळ चालवायच्या, पंधरा वर्षं भाड्यानं राहत होत्या, आता घरासाठी प्लॉट घ्यायला कर्ज हवं होतं. प्लॉटचे सगळे कागद होते, फक्त ले-आउट नियमित झाल्याचं पत्र नव्हतं. त्याला नागपुरात सगळे आरएल म्हणतात. "आता येऊनच राहिलं," म्हणत प्लॉटच्या दलालानं सहा महिने काढले होते. दीपमालानं शहराच्या विकास आराखड्याचा नकाशा काढून पाहिला, तर ती जागा उद्यानासाठी राखीव निघाली.

त्याच आठवड्यात भरतीची जाहिरात आली. ती सरांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, माझे ओरिजिनल पाहिजे होते."

"बाँडचे सतरा महिने बाकी आहेत." सर स्क्रीनवरून नजर न काढता बोलत होते. "प्रेमिलाबाईंची फाइल या महिन्यात मंजुरीत बसव. आरएलच्या रकान्यात 'अर्ज केला आहे' असं लिही. मग बघू तुझ्या कागदांचं."

ती जिन्यात जाऊन बसली. तीनच शब्द लिहायचे होते. लिहिले असते तर गुणपत्रिका हातात आल्या असत्या, आणि त्या बाई वीस वर्षं उद्यानाच्या जागेचे हप्ते भरत राहिल्या असत्या. अर्ध्या तासानं उठून तिनं लिहिलं: आरएल नाही, जागा राखीव.

कर्ज नामंजूर होऊन फाइल परत गेली. दुसऱ्या दिवशी प्रेमिलाबाई ऑफिसात आल्या.

"काहून केलं वं तू असं? मी तुले घरी बसवून जेवू घातलं ना?"

"मावशी, तिथं तुमचं घर टिकलं नसतं."

"ते समजते मले. पण आता घरमालक खोली खाली करायले सांगून राहिला. मी जाऊ कुठं, ते सांग."

दीपमालानं ग्लास पुढे केला. बाई पाणीही न पिता निघून गेल्या.

सरांनी तिची बदली काटोलच्या भागावर केली. भरतीचा फॉर्म तिनं ऑनलाइन भरला, पण पडताळणीला मूळ कागद लागणार होते. दुय्यम प्रती काढायच्या तर हरवल्याची तक्रार द्यावी लागते, असं कोणीतरी सांगितलं. ती पोलीस ठाण्यात गेली. टेबलामागच्या महिला शिपायानं वही उघडून विचारलं, "कुठं हरवले?"

दीपमाला तिच्या खांद्यावरच्या पट्टीकडे बघत राहिली. कागद हरवले नव्हतेच. कोणत्या कपाटात, कोणत्या खणात आहेत, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

"नाही, राहू द्या," म्हणून ती उठली.

बाहेर येऊन तिनं पोस्टातून कंपनीच्या मुख्य ऑफिसला गुणपत्रिका परत मागणारं रजिस्टर पत्र पाठवलं. पोच आली आहे. उत्तर अजून नाही.