जाळलेल्या मारिंबाची साक्ष

चुवाशिक गावच्या चर्चच्या वर्धापनदिनाला तीन गोष्टी ठरलेल्या असत: केळीच्या पानात उकडलेले मक्याचे तमाल, पाळकांचं लांबलेलं प्रवचन आणि बंधू फिदेन्सिओ आख्तुन यांची साक्ष, म्हणजे प्रभूने पापातून कसं सोडवलं त्याची सगळ्यांसमोर सांगितलेली गोष्ट. तमाल एखाद्या वर्षी कच्चे राहिले असतील, साक्ष कधी कच्ची राहिली नाही.

बत्तीस वर्षांपूर्वी फिदेन्सिओचं तारण झालं तेव्हा त्याने मारिंबा जाळला होता. लाकडी पट्ट्यांचं ते लांबलचक वाद्य तीन-चार जण ओळीने उभे राहून वाजवतात, आणि ते वाजल्याशिवाय आमच्याकडे लग्न लागत नाही की संताची मिरवणूक निघत नाही. जिथे मारिंबा तिथे नाच, दारू आणि मूर्ती आल्याच. जुने पाळक म्हणाले, "सैतान ज्यातून बोलतो ते घरात ठेवून प्रभूला कुठल्या तोंडाने बोलावणार?" बाप्तिस्म्याच्या संध्याकाळी चर्चच्या अंगणात जाळ पेटला. कुणी पत्ते टाकले, कुणी सिगारेटी. एका बाईने आजेसासूचा लाकडी संत अंतोनिओ शालीत गुंडाळून आणला आणि तोंड फिरवून टाकला. फिदेन्सिओने बापाच्या हातचा मारिंबा टाकला.

साक्षीत तो जाळ दरवर्षी हातभर वाढायचा. पहिल्या वर्षी गुडघ्याएवढा होता, विसाव्या वर्षी चर्चच्या छपराला लागला. "पट्ट्या पेटल्या आणि सैतान किंचाळत बाहेर पडला!" असं तो म्हणाला की मंडळी "आमेन!" करून बाकं हलवून सोडायची. वास्तविक किंचाळली होती ती डुकराच्या आतड्याची पातळ पडदी. मारिंबाच्या पट्ट्यांखालच्या प्रत्येक नळीला ती मेणाने चिकटवतात, म्हणून तर त्याचा सूर भुणभुणतो. फिदेन्सिओला हे पक्कं ठाऊक होतं, पडद्या चिकटवायचं काम त्याचंच होतं. पण आतड्याला आमेन कोण म्हणणार?

आणखीही एक गोष्ट साक्षीत कधी आली नाही. मारिंबा बापाने दोघा भावांना ठेवला होता. धाकटा माकारिओ त्या आठवड्यात तापाने पडला होता आणि शनिवारच्या एका लग्नाला दोघांनी शब्द दिलेला होता. शुक्रवारी तो वाजवायच्या काठ्या घेऊन मारिंबा शोधत आला, तर चर्चच्या अंगणात राख आणि खिळे. तो शिवी न देता निघून गेला. किनाऱ्याकडच्या मळ्यांत ऊस तोडायला लागला आणि आठ वर्षांनी मोडकी पाठ घेऊन परतला. तेव्हापासून भाऊ एकाच गल्लीत राहतात आणि समोरासमोर आले की दोघांनाही आभाळाकडे बघायचं काम निघतं.

फिदेन्सिओ सुतारकाम करू लागला. दारं, शवपेट्या, चर्चची सगळी बाकं त्याचीच. शाळा दुसरीपर्यंत, जमीन नाही, मूलबाळ नाही. वर्षातून एकदा, दहा मिनिटं, तो मोठा माणूस असायचा.

यंदा वर्धापनदिनाच्या पाच दिवस आधी नवे पाळक एल्मेर त्याच्या कामाच्या जागी आले. वय एकोणतीस, बुटांना पॉलिश.

"देवाचा आशीर्वाद, बंधू फिदेन्सिओ."

"तुम्हालाही, पाळकसाहेब. बसा. त्या पेटीवर नको, जिची आहे ती म्हातारी अजून हिंडती-फिरती आहे."

पाळक उभेच राहिले. "आनंदाची बातमी आहे. चर्चने मारिंबा घेतलाय."

फिदेन्सिओने रंधा खाली ठेवला.

"उत्तरेकडचे गोरे पाहुणे येतायत," पाळक म्हणाले. "गिटारी त्यांच्याकडे पोत्याने आहेत, त्यांना आपलं काहीतरी ऐकायचंय. आणि संस्कृती हेही देवाचंच दान, नाही का? लाकडात कसलं आलंय पाप?"

"लाकडात पाप नसतं?"

"नसतं."

"हे कधी ठरलं?"

"राजधानीत आमची कार्यशाळा झाली ना, तिथे."

"किती दिवसांची?"

"दोन आठवडे."

फिदेन्सिओने मान डोलावली. बत्तीस वर्षं बुडवायला दोन आठवडे पुरतात, हे त्याला नवीन होतं.

"साक्ष तुम्ही द्यायचीच," पाळक म्हणाले. "फक्त ते जाळण्याचं गाळा. शेजारी मारिंबा मांडलेला असणार, बरं दिसत नाही. दारूचं सांगा."

"दारू मी फारशी पीत नव्हतो."

"थोडी वाढवा. प्रभूच्याच गौरवासाठी."

घरी बायको ओदिलिया तव्यावर मक्याच्या भाकऱ्या टाकत होती. त्याने सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग वाढवा की दारू. जाळ वाढवलात तेव्हा कुणी फूटपट्टी आणली होती?"

"तुला थट्टा सुचतेय."

"थट्टा कसली? लाकूड पापी, म्हणून माकारिओ भाऊजींच्या पोटावर पाय आला, ते आपण गिळलं. आता लाकूड निर्दोष सुटलं. मग दोषी कोण उरलं, ते सांगा." तिने भाकरी उलटली. "जेवून सांगा. घाई नाही."

पुढचे चार दिवस त्याने तीन फळ्या चुकीच्या कापल्या. दारूची साक्ष दिली तर आतापर्यंत कमावलेलं नाव शाबूत राहत होतं. न दिली तर चर्चमध्ये तो फक्त बाकं करणारा सुतार.

रविवारी सकाळी पाहुणे पहिल्या बाकावर बसले. चार पोरांनी नव्या मारिंबावर स्तोत्र वाजवलं. मका बडवावा तसं वाजवलं. मग फिदेन्सिओ उभा राहिला.

"बंधुभगिनींनो, माझ्या साक्षीत दुरुस्ती आहे. सैतान किंचाळला नव्हता. डुकराचं आतडं होतं ते."

सवयीने कुणीतरी "आमेन" म्हणालं.

"मारिंबा माझा एकट्याचा नव्हता, अर्धा भावाचा होता. जुन्या पाळकांनी माझ्याकडे मागितलं आणि मी दुसऱ्याचं उचलून दिलं. भावाचं पोट जाळलं आणि त्यावर एवढी वर्षं तुमच्याकडून आमेन घेत आलो. मी सोडलेलं पाप मी तुम्हाला सांगत होतो, केलेलं पाप आज सांगतोय."

 पाहुण्यांच्या दुभाष्याने पाळकांकडे पाहिलं आणि सगळ्याचं एक छोटंसं वाक्य केलं. पाहुण्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

मंगळवारी चर्चच्या वडीलमंडळाने निकाल दिला: सहा महिने शिस्त. शेवटचं बाक, प्रभुभोजन बंद, साक्ष बंद.

"पाप कबूल केलं म्हणून?" त्याने विचारलं.

"कबूल करण्याला कोण नको म्हणतंय?" पाळक म्हणाले. "वेळ असते त्याची. पाहुण्यांसमोर मंडळीची अब्रू घालवलीत."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गल्ली ओलांडून माकारिओच्या दाराशी गेला. माकारिओ उंबऱ्याच्या आत बसून कणसं सोलत होता.

"या, बंधू फिदेन्सिओ," तो म्हणाला. 'दादा' म्हणणं त्याने केव्हाच सोडलं होतं. "वाट चुकलात?"

"रविवारी मी चर्चमध्ये सांगितलं..."

"कळलं. गोऱ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणे."

"माकारिओ, मला तुझी माफी..."

"थांबा. पाहुण्यांना कळलं, चर्चला कळलं, न्हाव्याने माझी दाढी करता करता मलाच ऐकवलं. तुमच्या दारापासून माझं दार चाळीस पावलं. इथे सांगायला कुणाची परवानगी हवी होती?"

 फिदेन्सिओने हातातली टोपी छातीशी धरली, मग त्याची त्यालाच लाज वाटली, कारण चर्चमध्येही तो अशीच धरायचा. त्याने ती खाली केली.

"मारिंबा तुझाही होता. तुला न विचारता मी तो जाळला."

एवढंच निघालं. जाळ नाही, सैतान नाही. माकारिओने हातातलं कणीस पूर्ण सोललं, दाणे टोपलीत झटकले.

"झालं?"

"झालं."

"बरं. चाळीस पावलांना बत्तीस वर्षं लावलीत. परत जाताना इतकी लावू नका, ऊन फार आहे."

आणि त्याने दुखऱ्या पाठीने पुढे वाकून दाण्यांची टोपली उंबऱ्यात, बरोबर मधोमध ओढून ठेवली; आत पाऊल टाकायला जागा उरली नाही.