गाईडआप्पांची रविवारची सहल

गाईडआप्पा उलटे चालायचे. आमच्या गावच्या किल्ल्यात, जामा मशिदीच्या पायऱ्यांवर, कुंडी भंडाऱ्याच्या जुन्या भुयारी पाण्याकडे जाणाऱ्या वाटेवर, सगळीकडे तोंड प्रवाशांकडे आणि पाठ रस्त्याकडे. हातात मिटलेली काळी छत्री, मागच्यांना दिसावी म्हणून उंच धरलेली. जन्मभर हेच काम केल्यामुळे लोधीपुऱ्यात आमच्या गल्लीतसुद्धा ते बोलता बोलता मागे सरकत सरकतच घरी जायचे. पोरं चिडवायची, "आप्पा, उलटी पावलं भुताची असतात!" आप्पा म्हणायचे, "भुताला मागून कोण येतंय याची फिकर नसते. मला असते." गाय, हातगाडी, गटाराची फुटकी फरशी, सगळं त्यांना पाठीनं दिसायचं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांना एकदाही पडताना पाहिलं नाही.

त्यांचे धंद्याचे नियम होते. आधी पाणी, मग सावली, मग इतिहास. तारखा सांगायच्या नाहीत. "तारीख कोणाच्या ध्यानात राहते? कुठं बसलो होतो ते राहतं," असं म्हणायचे. आणि गाईडनं प्रवाशाकडे पाठ करायची नाही. "पाठ केली की प्रवासी दुकानात शिरला समजा."

मी चौथीपर्यंत शिकलेली. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. आप्पांनी आमच्यासाठी काय केलं ते मला त्यांच्यापुढे कधी बोलून दाखवता आलं नाही, म्हणून रेणूच्या उरलेल्या वहीत लिहिते आहे.

रेणू आमची एकुलती एक. डॉक्टर व्हायला रशियात गेली, निझनी नोव्हगोरोद नावाच्या शहरात. ते नाव म्हणायला मला आठ दिवस लागले, मग मी नुसतं निझनी म्हणू लागले. पहिला महिना बरा गेला. नंतर फोनवर तिचा चेहरा दिसेना. "नेट बरोबर नाही आई," म्हणायची आणि नुसतीच बोलायची. कॉलेज आणि खोली, खोली आणि कॉलेज. एक दिवस म्हणाली, "आई, मला परत यायचंय. मी बॅग भरून ठेवलीय."

ये म्हणावं तर तिसरीपासून पोरीनं डॉक्टर व्हायचं धरलेलं. राहा म्हणावं तर तिकडे ती जेवते की नाही तेही मला कळत नव्हतं. हे निंबोल्याला केळीच्या बागेत गेलेले. ओट्यावर शेजारचे आप्पा चहा पीत बसले होते. त्यांनी हात पुढे केला, "दे इकडे फोन."

"रेणू, तुझ्या गावात नदी आहे का?"

"आहे ना आप्पा. दोन आहेत. व्होल्गा आणि ओका."

"कशा आहेत?"

"मी नाही बघितल्या अजून."

"दोन महिने झाले आणि नदी नाही बघितली? परत यायचं तर ये, पण इथं लोक विचारतील काय बघितलं, तर काय सांगशील? खोली? रविवारी चार वाजता मी येतोय. मला फिरव."

"आप्पा, पासपोर्ट आहे का तुमच्याकडे?" किती दिवसांनी ती हसली होती.

"तुझ्या आईचा मोबाइल आहे. मी प्रवासी, तू गाईड. जिंदगीभर लोकांना फिरवलं, मला कोणी नाही फिरवलं."

रविवारी आप्पा इस्त्रीची टोपी, मोजे, बूट घालून आणि पाण्याची बाटली घेऊन आमच्या ओट्यावर हजर. "सूनबाई, प्रवाशानं वेळेवर यावं," म्हणाले. मी फोन धरून शेजारी बसले. तिकडे तेव्हा दीड वाजलेला असतो.

रेणूनं टेकडीवरचा लाल विटांचा किल्ला दाखवला. दाखवण्यासाठी तिनं फोन फिरवला तसे आप्पा ओरडले, "ए गाईड! पाठ नाही करायची. तोंड माझ्याकडे ठेव, किल्ला मागं दिसू दे."

"मग मला उलटं चालावं लागेल आप्पा."

"मग मी काय करत होतो इतकी वर्षं?"

ती मागे मागे चालू लागली. गाल बसले होते, डोळ्यांखाली काळं झालं होतं. पण ती दिसत होती. मागून किल्ल्याची भिंत सरकत होती. आप्पा म्हणाले, "आमच्या किल्ल्यासारखाच नदीकाठी आहे. फक्त आमचा जास्त पडलाय."

आप्पांसारखा छळणारा प्रवासी कोणाला मिळू नये. दर पाच मिनिटांनी, "दमलो. बसायला कुठं आहे?" मग रेणू बाक शोधायची. "तहान लागली. इथं पाणी कुठं मिळतं?" मग ती दुकान शोधायची. ओट्यावर बसलेल्या माणसाला कसली तहान! पण त्या निमित्तानं ती बसली, तिनं गरम चहा घेतला, कागदात गुंडाळलेली कसलीशी पोळी खाल्ली. मी तिचा घास न् घास बघत होते.

किल्ल्यापासून खाली नदीपर्यंत मोठा जिना जातो. वरून दोन्ही नद्या एकमेकींत मिळताना दिसतात. जिन्याच्या तोंडाशी एक म्हातारी लोकरीचे मोजे विकत होती. आप्पा म्हणाले, "त्या आजीला विचार, हा जिना कोणी बांधला."

"मला भाषा नीट नाही येत आप्पा. सगळे बघतायत."

"मला कुठं इंग्रजी येत होती? हात आहेत ना?"

रेणूनं जिन्याकडे हात करून काहीतरी विचारलं. म्हातारी बोलायला लागली ती थांबेचना. मग बोलता बोलताच तिनं रेणूच्या कोटाची उघडी कॉलर पाहिली, मफलर ओढला, दोन वेढे देऊन घट्ट बांधला आणि गालावर थाप मारली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, जिना जुना आहे, आणि तू टोपी का नाही घातली."

आप्पा खो खो हसले. मी पदर तोंडाला लावला. माझ्या पोरीचा गळा झाकणारं तिकडे कोणी आहे, एवढंच मला पुरे होतं. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

मग दर रविवारी सहल. एकदा मोठ्या रस्त्यावरची पितळेची बकरी बघितली, पोरं तिच्यावर बसून फोटो काढतात. एकदा व्होल्गेवरून पलीकडे जाणारा रोपवे. पाळणा नदीवर गेला तेव्हा रेणू मजेत होती आणि इकडे आप्पांनी डोळे मिटून आमच्या ओट्याचा खांब धरला होता. हिवाळ्यात नदी गोठली. बर्फाला भोक पाडून माणसं गळ टाकून बसलेली दिसली. "खोटं! नदीवर माणूस बसतो कधी?" आप्पा म्हणाले. संध्याकाळी काठी टेकत तापीवर जाऊन पाणी बघून आले.

परत येण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. एका रविवारी निघायच्या आधी तिनं खोली दाखवली. बॅग रिकामी, कपाटावर चढवलेली.

मी आप्पांपुढे चहा ठेवला. काही बोलायचं होतं, पण बशीच पुसत राहिले. तेच म्हणाले, "किल्ले मी पुष्कळ बघितले, सूनबाई. तुला तिचं तोंड बघायचं होतं ना?"

आता रेणू नव्या मुलींना पहिल्याच रविवारी नदीवर नेते. फोटो पाठवला होता तिनं. हातात लाल छत्री, मुलींकडे तोंड करून ही उलटी चाललेली.

मागच्या दिवाळीनंतर आप्पांचे गुडघे पार गेले आणि त्यांचा मुलगा त्यांना इंदूरला न्यायला आला. आमची गल्ली अरुंद, गाडी आत येते पण वळत नाही, मागे घेतच बाहेर काढावी लागते. आप्पा पुढच्या सीटवर बसले होते. गाडी मागे मागे जायला लागली आणि आप्पा आमच्याकडे तोंड करून लांब जायला लागले. काचेतून छत्रीची मूठ वर धरलेली दिसत होती. सगळी गल्ली उभी होती, मीही आमच्या ओट्यावर होते.

तेवढ्यात गाडीच्या मागे गाय आडवी आली. मुलाचं लक्ष नव्हतं. आप्पांना पाठीनं दिसायचं, पण ते गाडीत कसं दिसणार?

"आप्पा, थांबा! मागे गाय आहे!" मी ओरडले. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले.

गाडी थांबली. गाय सावकाश निघून गेली. आप्पांनी काच खाली केली आणि तोंड बाहेर काढून म्हणाले, "सूनबाई, एवढा मोठा आवाज कुठं ठेवला होता?"

मग गाडी पुन्हा मागे सरकू लागली. मी ओट्यावरून उतरले आणि कोपऱ्यापर्यंत त्यांच्यासमोर चालत गेले, "मागे घ्या, मागे घ्या, रस्ता मोकळा आहे," असं मोठ्यानं सांगत.